शिफ्ट, डबा आणि कालनिर्णय : आम्ही दोघांनी 2025 कसं आखलं

नवरा-बायकोने मिळून वर्ष आखावं, त्यात चांगल्या सवयी बसवाव्यात, असं कुठे वाचलं की मी पान उलटायचो. ही कामं दहा ते सहा नोकरीवाल्यांची. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत मशिन शॉपला आहे. दर सोमवारी शिफ्ट बदलते. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, नाईट बारा ते सात. बायको एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मुलगा सहावीत, आई घरी. रोज सकाळी सहाला उठून चालायला जा, असं कोणी सांगितलं की मी विचारायचो, बाबा रे, कोणत्या सकाळी? नाईटच्या आठवड्यात सकाळी सहाला मी मशिनवर असतो.

तरी 2025 आम्ही आखलं आणि ते बरंचसं आखल्यासारखं गेलं. शॉपमधल्या दोघा-तिघांनी कसं केलं ते विचारलं, म्हणून झालं तसं लिहून काढतोय. कुणाच्या कामी आलं तर बरंच.

सुरुवात कंपनीच्या मेडिकलपासून झाली. डिसेंबर 2024 मध्ये वार्षिक तपासणी होती, त्यात बीपी 138/88 निघालं. डॉक्टर म्हणाले, एकदा मोजून काही ठरत नाही, पण बाहेर रक्त तपासून घ्या. मग टेप काढून कंबर मोजली. 96 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची 90 च्या आत हवी म्हणे. घरी येऊन सांगितलं तर ही शांतपणे म्हणाली, "मग माझंही तपासू. दिवाळीपासून जिना चढताना धाप लागतेय मला."

29 डिसेंबरला रविवार होता आणि माझी सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर बसायचं ठरलं. नवीन कालनिर्णय आलेलंच होतं. आमच्याकडे त्यावर दुधाचे खाडे, मावशींच्या सुट्ट्या आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची पद्धत आहे, बहुतेक घरांत असते. मी आधी फोनवर एक अॅप उतरवलं होतं. ही म्हणाली, फोनमधलं फक्त तुम्हाला दिसणार, भिंतीवरचं आईंनाही दिसतं. अॅप तिथेच संपलं.

आम्ही एक गोष्ट बरी केली. संकल्पांना हात लावायच्या आधी, जे टळणार नाही ते सगळं लिहून घेतलं. बावन्न आठवड्यांच्या शिफ्टा, फ, से, ना अशा अक्षरांत. मुलाच्या परीक्षा. तिच्या पतसंस्थेची मार्चअखेर, कारण मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात ती घरी कधी येईल याचा भरवसा नसतो. गावची जत्रा. लग्नं. नात्यातली तीन ठरलेली होती आणि एप्रिल-मे मध्ये आणखी निघणार हे नक्की होतं. मग पैशांच्या तारखा : आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता, एलआयसी, दोन्ही गाड्यांचा विमा, जूनची शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, घरपट्टी. तासाभरात पानं भरली. जी कोरी राहिली ती बघून कळलं की आपल्या हातात वर्षातले नेमके कोणते दिवस आहेत. 6 जुलैला आषाढी, तिथून चातुर्मास. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर लग्नं नाहीत, पंगती नाहीत. ते चार महिने सर्वांत मोकळे दिसत होते. पुढे ते फार उपयोगी पडले.

पैशांच्या तारखांची बेरीज 1,38,000 आली. बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला 11,500. दरवर्षी जूनमध्ये फी आणि विमा एकदम अंगावर आले की आमच्यात खटके उडायचे. त्यासाठी एक वेगळं जॉइंट बचत खातं काढायचं ठरलं. मी 7,500 टाकायचे, तिने 4,000. आरडी मुद्दाम काढली नाही, कारण आरडी वर्षाच्या शेवटी हातात येते आणि खर्च वर्षभर पसरलेले असतात. खातं उघडताना फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ वर खूण केली आहे ना ते बघा. नाहीतर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात.

आता त्या दुपारची खरी गोष्ट. मी उत्साहात म्हणालो, आता सवयी. आपण दोघं रोज चालायला जाऊ, तू पण वजन कमी कर. ही काही बोलली नाही. तिने वहीचं एक पान घेतलं आणि माझ्या तिन्ही शिफ्टांसमोर स्वतःच्या झोपेच्या वेळा लिहिल्या. मला फर्स्ट असली की माझी बस सहा वीसला. डब्यासाठी ती पावणेपाचला उठते आणि मुलाचा अभ्यास, भांडी आवरून झोपेपर्यंत सव्वाअकरा होतात. सेकंड असली की मी साडेबाराला घरी येतो. ती उठून जेवण गरम करून वाढते, एकला आडवी होते आणि मुलाच्या शाळेसाठी सहाला पुन्हा उभी. नाईट असली की मी सव्वाअकराला बाहेर पडतो आणि ती सरळ सहापर्यंत झोपते. म्हणजे मी रात्रभर जागा असतो, नेमक्या त्याच आठवड्यात हिची झोप पुरी होते.

त्या पानावर मला काही बोलता येईना. ती म्हणाली, "अहो, तुमचं तुम्ही ठरवा, माझं मी ठरवते. मला आधी झोप पाहिजे. चालायचं मग बघू."

तिथून आमचं सूत्र बदललं. दुसऱ्याने काय करावं हे कोणी सांगायचं नाही. प्रत्येकाने स्वतःपुरत्या दोन गोष्टी निवडायच्या. त्या जमाव्यात म्हणून समोरच्याने काय सोडायचं तेवढंच बोलायचं. कारण घरात एकाची सवय बसते ती दुसऱ्याच्या वेळेतून बसते. मी पहाटे चालायला गेलो तर दूध कोण घेणार, भाकरी खायची म्हटली तर ती थापणार कोण, हे आधी ठरल्याशिवाय सगळं कागदावर राहतं.

रक्त तपासणी 19 जानेवारीच्या रविवारी ठेवली. मी म्हणालो, संक्रांत आठवड्यावर आहे, तिळगूळ आधी संपू दे. लॅबवाल्या मुलीने फोनवर समजावलं की एचबीएवनसीमध्ये रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, चार दिवसांच्या तिळगुळाने त्यात मोठा फरक पडत नाही. लपवायला काही जागाच नाही. तिने आणखी एक सांगितलं, ते शिफ्टवाल्यांनी लक्षात ठेवा : नाईट करून थेट येऊ नका, नीट झोप झालेल्या दिवशी या. दोघांचे मिळून 3,800 रुपये झाले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आले. लाल अक्षरांत छापलेले आकडे रात्री दहाला बघायचे नाहीत, एवढं शहाणपण मला त्या दिवशी आलं.

माझं एचबीएवनसी 6.1. डॉक्टर म्हणाले, 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून मधुमेह, तुम्ही मधल्या पट्टीत आहात, अजून गोळी नको. हिचं हिमोग्लोबिन 9.6, बायकांचं 12 च्या वर हवं. बी-ट्वेल्व्हही कमी. धाप कशाने लागत होती ते कळलं. आमचं सगळं लक्ष माझ्या कंबरेकडे होतं आणि खरी आजारी ती होती.

डॉक्टरांनी तपासणीचे माणशी 400 घेतले आणि वेळ मात्र बराच दिला. दोन गोष्टी त्यांनी अशा सांगितल्या की ज्यांवर पुढचं वर्ष उभं राहिलं. एक म्हणजे चालण्याचा हिशेब दिवसाचा करू नका, आठवड्याचा करा. आठवड्याला दीडशे मिनिटं, बरं वाटेल एवढ्या झपाझप. शिफ्टवाल्याला हे सोपं जातं, कारण दोन दिवस बुडाले तरी आठवडा हातात असतो. दुसरी गोष्ट हिच्यासाठी. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे तासभर घ्यायची नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची. जेवण झाल्या झाल्या चहा घ्यायची हिची ऑफिसातली सवय होती, ती तासाभराने पुढे सरकली. तेलाचंही विचारलं. ते म्हणाले, माणशी महिन्याला अर्धा लिटर. आमचा पाच लिटरचा कॅन किती दिवस जातो हे कोणालाच सांगता येईना. सिलिंडरसारखी कॅन फोडल्याची तारीख कालनिर्णयावर लिहायला लागलो. पहिला कॅन दीड महिनाच गेला. चौघांत अडीच महिने जायला हवा होता.

माझ्या दोन गोष्टी ठरल्या : बिनसाखरेचा चहा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं. तिच्या दोन : गोळ्या न चुकवणं आणि कोणत्याही शिफ्टला पावणेसहाच्या आत न उठणं. हे दुसरं जमायला मला डबा सोडावा लागला. फर्स्टच्या आठवड्यात कँटीनचं जेवण. सोबत रात्रीच मी भरून ठेवलेली मोडाची मटकी किंवा चणे आणि काकडी-टोमॅटो. मटकी भिजवायची, उपसायची, बांधायची, हे आता माझं खातं आहे. सेकंडला रात्री आठला कँटीनमध्येच जेवायचं, साडेबाराला घरी आल्यावर फार तर कपभर दूध घ्यायचं आणि तिला उठवायचं नाही. आई आठवडाभर नाराज होती. "नवरा कामावरून येतो आणि घरात पानही वाढायचं नाही?" मी म्हणालो, डॉक्टरांनी रात्री बाराला जेवायला मनाई केली आहे. ते खरंही होतं. डॉक्टरांचं नाव पुढे केलं की आमच्या घरात बरेच वाद मिटतात.

बिनसाखरेच्या चहाची अडचण वेगळीच निघाली. कंपनीत मशिनचा चहा, प्रीमिक्सचा, साखर त्यातच घातलेली. दिवसाला चार-पाच कप व्हायचे. 650 रुपयांचा थर्मास घेतला, घरून चहा नेऊ लागलो. पहिले पंधरा दिवस तो चहा नाही, औषध वाटायचं. मग कधीतरी सवय झाली. आता मशिनचा चहा तोंडात धरवत नाही.

एकाच वेळेला एकच सवय, हा नियम शिफ्टवाल्याला लागू पडत नाही. प्रत्येक शिफ्टची सवय वेगळी लिहावी लागली. फर्स्ट असली की संध्याकाळी पाचला चालायचं, पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो, त्यामुळे ते जवळ. सेकंडला सकाळी नऊला, मुलगा आणि ही बाहेर पडल्यावर. नाईटच्या आठवड्यात पहिले तीन दिवस काही करायचं नाही, फक्त झोप. त्यासाठी बेडरूमला जाड, गडद पडदा शिवून घेतला, 1,400 रुपये. आईला विनंती केली की मिक्सर एकदम अकराच्या आत किंवा तीननंतर. एवढ्या सगळ्या खर्चात जास्त फायदा कशाचा झाला विचाराल तर पडद्याचा. बीपीचं मशिन घेतलं 1,900 ला, तेही बरं. पण ते मोजायच्या आधी पाच मिनिटं पाय जमिनीला टेकवून गप्प बसायचं, अर्धा तास चहा नाही. जिना चढून येऊन मोजलं तर ते मशिन घाबरवतं.

फेब्रुवारीत दोन लग्नं आणि एक साखरपुडा. त्या आठवड्यांत कशाचाच पत्ता नव्हता. आम्ही आधीच त्या आठवड्यांवर फुली मारून ठेवली होती, त्यामुळे वाईट वाटलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे बुडणार हे दिसतंय, ते आधीच बुडीत खात्यात टाकावं.

महिन्यातून एकदा बसायचं ठरलं होतं, पण घरात बसणं जमेना. दर पाच मिनिटांनी आई काहीतरी विचारणार, मुलाला कंपास सापडणार नाही. मग महिन्याच्या पहिल्या मोकळ्या रविवारी आम्ही मिसळ खायला बाहेर जायला लागलो. नाशिककराने तब्येतीसाठी रविवारची मिसळ सोडायची म्हणजे फार झालं. ती सोडायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. दोघांचे दही-पापडासकट तीनशेच्या आत होतात. तर्री कमी, पाव एक. तिथे बसून मागच्या महिन्याचं बघायचं आणि पुढच्याचं लिहायचं. बाजूच्या टेबलवरच्यांना वाटत असेल हे वही घेऊन कसली उधारी मांडतायत. सांगायचा मुद्दा, ही बैठक घराबाहेर ठेवा. घरात बोलायला लागलं की आवाज चढतो, बाहेर चारचौघांत चढत नाही.

मार्चमध्ये कागदपत्रं काढली. सवयींच्या यादीत हे कोणी लिहीत नाही, पण मधल्या पट्टीतला रिपोर्ट हातात आला की माणूस आपोआप नॉमिनीचा विचार करतो. माझं पीएफचं नामनिर्देशन लग्नाआधीचं होतं, त्यात हिचं नाव असणं शक्यच नव्हतं. ऑफिसमधून सांगितलं, पोर्टलवर ई-नॉमिनेशन करा. यूएएनने, म्हणजे पीएफच्या आपल्या कायमच्या नंबराने, लॉगिन करून ‘मॅनेज’ मध्ये ते सापडतं. पण स्वतःचा प्रोफाइल फोटो चढवलेला नसेल तर पुढे जात नाही, आणि फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा असला तर चढत नाही. तिथून पुढे गेलो तर नाव जुळेना. पीएफला आडनाव आधी आणि वडिलांचं फक्त आद्याक्षर, आधारवर नाव, वडिलांचं पूर्ण नाव, मग आडनाव. महाराष्ट्रात निम्म्या लोकांचं हेच दुखणं असेल. ज्यांचा यूएएन ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारने पडताळलेला आहे त्यांना 2025 च्या जानेवारीपासून अशी दुरुस्ती स्वतःच करता येते. माझा जुना. त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरून कंपनीच्या मंजुरीची वाट बघत बसलो. तीन आठवडे गेले, मध्ये दोनदा एचआरच्या दारात उभा राहिलो. एप्रिलमध्ये नाव जुळलं. त्या संध्याकाळी हिचा आणि मुलाचा आधार, फोटो, बँक खातं भरलं, आधारचा ओटीपी टाकून ई-सही केली. शेवटची ई-सही विसरू नका. ती झाल्याशिवाय भरलेलं सगळं अपुरंच राहतं.

मार्चमध्ये कागदपत्रं काढली तेव्हाच आईच्या विम्याची पॉलिसी पहिल्यांदा सगळी वाचली. ती नोव्हेंबर 2023 ला काढलेली. मोतीबिंदूला चोवीस महिन्यांचा प्रतीक्षा काळ होता, म्हणजे नोव्हेंबर 2025 पर्यंत. आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे माहीत होतं आणि मी उन्हाळ्याच्या आधी ऑपरेशन उरकून टाकायच्या विचारात होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, थांबलं तर चालेल का? ते म्हणाले, अजून पिकलेला नाही, वर्षभर थांबलं तर बिघडत नाही, सहा महिन्यांनी दाखवा. मग डिसेंबरच्या पानावर लिहून टाकलं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी पॉलिसीतला हा एक रकाना आणि एका डोळ्यामागे किती रक्कम मिळते तो आकडा, एवढं तरी वाचून ठेवावं.

मे महिन्याच्या मध्यावर माझी पुन्हा तपासणी झाली : 5.9. वजन 78 चं 75. हिचं हिमोग्लोबिन 11.2. जिन्याची धाप गेली. ती स्वतःहून एक दिवस म्हणाली, "चला, येते मी पण." मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ती परत फिरली असती, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एवढं कळतं.

जूनमध्ये मात्र सगळं ढिलं पडलं. शाळा सुरू, फी, पुस्तकं, पाऊस, शॉपमध्ये ओव्हरटाइम. फी वेगळ्या खात्यातून गेली, भांडण झालं नाही, तेवढीच जमेची बाजू. चालणं बंद. मिसळीच्या बैठकीत दोघं वैतागून बसलो होतो. घरी आल्यावर आई म्हणाली, "वर्षभराचं कोण पाळतं रे? चार महिन्यांचा नेम धरा. आषाढीला सुरू, कार्तिकीला सुटला." तिचा दरवर्षी असतो. कांदा-लसूण-वांगं तर बंद असतंच, शिवाय एखादा नेम. ह्या वर्षी तिने जेवताना मौन धरलं.

आम्हीही 6 जुलैला नेम धरला. रात्रीचं जेवण आठच्या आत, त्यानंतर दोघांनी वीस मिनिटं बाहेर पडायचं, फोन घरात ठेवून. सेकंडचा आठवडा नेमातून वगळला. इतकंच. ज्याला शेवटची तारीख आहे ते धरून ठेवणं सोपं जातं, हे जुन्या बायकांना आपल्याआधी कळलेलं होतं. शिवाय नेम म्हटल्यावर घरातलं कोणी आड येत नाही. मी नुसता फिरायला निघालो असतो तर आईने चार कामं सांगितली असती. नेमाचं फिरणं म्हटल्यावर ती स्वतः दार उघडून द्यायची. आईच्या मौनाचा एक फायदा आम्हाला फुकटात मिळाला. ती बोलत नाही म्हणून जेवताना टीव्हीही बंद व्हायला लागला आणि मुलगा शाळेतलं काहीबाही सांगायला लागला.

पाऊस असला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायच्या. गाड्यांमधून वळसे घेत. वॉचमनकाका हसायचे. श्रावणात उपास आले, साबुदाणा आला. माझ्या साखरेला साबुदाणा काही कामाचा नाही, म्हणून सोमवारी मी भगर आणि दाण्याची आमटी मागितली आणि शेंगदाणे स्वतः भाजून कूट करून ठेवला. 27 ऑगस्टला गणपती. मोदक खाल्ले, मोजले नाहीत. विसर्जनानंतर पुन्हा गाडी रुळावर आली, आणि ती आली याचंच मला नवल वाटलं. आधी एकदा सुटलं की सुटलंच असं व्हायचं.

सप्टेंबरमध्ये न आखलेली एक चांगली गोष्ट घडली. 22 तारखेपासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा 18 टक्के जीएसटी गेला. आईचा हप्ता मूळ 21,000, त्यावर 3,780 जीएसटी, असे आम्ही 24,780 धरून ठेवलेले. नोव्हेंबरमध्ये नूतनीकरण केलं तेव्हा जीएसटीच्या रकान्यात शून्य होतं. उरलेल्या पैशांत आमच्या पुढच्या रक्त तपासण्या बसल्या.

दिवाळीत फराळ निम्मा केला, एवढंच. चिवडा भाजक्या पोह्यांचा, लाडू थोडे. बंदी कशावरच घातली नाही, बंदी घातली की मी रात्री डबे उघडतो. 2 नोव्हेंबरला कार्तिकी, दुसऱ्या दिवशी आईने उद्यापन म्हणून पुरण घातलं. मी दीड पोळी खाल्ली, तूप सोडलं नाही. संध्याकाळी आठला ही चप्पल घालून दारात उभी. म्हटलं, नेम सुटला ना आता? म्हणाली, तुमचा सुटला असेल.

नूतनीकरण झाल्यावर लगेच आईच्या ऑपरेशनची तारीख घेतली, 9 डिसेंबर. कॅशलेससाठी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर पॉलिसी, आधार आणि डॉक्टरांचा कागद तीन दिवस आधीच दिला. मंजुरी आदल्या दिवशी संध्याकाळी आली, तोपर्यंत जीव टांगणीला. बिल 36,000 झालं, एका डोळ्याची मर्यादा 40,000 होती. किरकोळ वस्तूंचे 2,150 आम्ही भरले, ते विम्यात येत नाहीत. मार्चमध्ये पॉलिसी न वाचता ऑपरेशन केलं असतं तर सगळे खिशातून गेले असते. पुढचे काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक कालनिर्णयावर मुलाने लिहिलं. आजीच्या थेंबांची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली.

वर्षाच्या शेवटी माझं एचबीएवनसी 5.8, वजन 74, कंबर 92. अजून मधल्या पट्टीतच आहे. हिचं हिमोग्लोबिन 12.1. तेलाचा कॅन दोन महिने जातो, अडीच होत नाहीत, भजी आमची दोघांचीही कमजोरी आहे. बीपी बहुतेक वेळा 130 च्या आत. जिमचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. एकूण खर्च, बूट, थर्मास, पडदा, मशिन, तपासण्या सगळं धरून, मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच झाला.

28 डिसेंबरला 2026 साठी बसलो, मिसळीच्या टेबलावरच. ह्या वेळी तासभर लागला नाही, शिफ्टा तिने आदल्या दिवशीच भरून आणल्या होत्या. जॉइंट खात्याला 1 नोव्हेंबरपासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, ते जानेवारीत करायचं. आईचा डावा डोळा दाखवायचा. ऑक्टोबरच्या 31 ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, म्हणजे तिथून पुढे आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागणार, त्या महिन्यांवर आताच हलकी फुली. आणि मे-जूनमध्ये अधिक महिना, 17 मे ते 15 जून. सासूबाईंचा निरोप आत्ताच आलाय, जावयाला वाण द्यायचंय, तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे.

मी म्हटलं, मग माझी तपासणी 10 मे ला उरकून टाकू, त्याच्या आधीच.

ही म्हणाली, "ऑगस्टमध्ये ठेवा. तोवर तीन महिन्यांचं सगळं त्यात येईल." एकमेकांच्या तारखा आम्ही लिहीत नाही, त्यामुळे पेन तिने माझ्यापुढे सरकवलं. 16 ऑगस्ट, रविवार. अनारसे शॉपमध्ये वाटायचे ठरलेत, तेव्हा जूनमध्ये माझ्या शिफ्टला असणाऱ्यांनी डबा जरा रिकामा आणावा.